मुळांचे घर आणि पाण्याचा हिशेब

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. आपल्या सभासदांपैकी बहुतेक कुटुंबे आज धार-देवासच्या शहरांत नोकरी-व्यवसायात आहेत. तरी पुष्कळांची थोडीबहुत जमीन गावी आहे. कोणी ती स्वतः पाहतात, कोणी बटाईने दिली आहे. अशा घरांत दर वर्षी मार्गशीर्षाच्या सुमारास एकच बोलणे ऐकू येते : बोअरचे पाणी उतरले, आता आणखी खोल घ्यावे काय? दीडशे फुटांचे तीनशे होतात, तीनशेचे सहाशे. प्रत्येक फुटाला पैसे मोजावे लागतात, आणि ते पैसे अनेकदा सावकाराचे अथवा बँकेचे असतात. सहाशे फुटांवरील खडकाविषयी आपण इतका विचार करतो, परंतु गव्हाचे मूळ ज्या वरच्या चार-पाच फुटांत जन्म घेते आणि मरते, त्या मातीत काय चालले आहे याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात त्या चार-पाच फुटांविषयी लिहावयाचे आहे.

एक गोष्ट सर्वांच्या पाहण्यातील आहे. एकाच विहिरीचे पाणी, एकच बियाणे, एकाच दिवशीची पेरणी. तरी बांधाच्या अलीकडील गहू फाल्गुनापर्यंत हिरवा उभा राहतो आणि पलीकडचा माघातच पिवळा पडून चिमतो. लोक म्हणतात, नशीब. कोणी म्हणतात, खत कमी पडले. कधी ते खरेही असते. पण पुष्कळ वेळा दोन्ही शेतांना सारखे मिळालेले पाणी दोन्ही पिकांना सारखे उपयोगी पडलेले नसते, आणि त्याचे कारण मुळांना मिळालेल्या जागेत असते.

हे समजून घ्यावयाचे तर वनस्पती पाण्याचे काय करते हे प्रथम पाहिले पाहिजे. ती पाणी पिते, पण पोटात ठेवीत नाही. मुळांनी शोषलेल्या शंभर भाग पाण्यापैकी जेमतेम एक-दोन भाग तिच्या अंगी लागतात. बाकीचे सारे पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. यास बाष्पोच्छ्वास म्हणतात. वर्गात हे सांगितले की एखादा चलाख मुलगा विचारतोच, मग इतके पाणी वाया का घालवते? उत्तर असे की ते वाया जात नाही, ते दाम म्हणून मोजलेले असते. पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. हवेतील कर्बवायू याच दारांतून आत येतो आणि त्यापासून सूर्यप्रकाशात पान साखर तयार करते. परंतु पानाचे अंतरंग ओले असते. कर्बवायूसाठी दार उघडले की आतली ओल बाहेर निघून जाते. दार लावून घ्यावे तर पाणी वाचते, पण अन्न थांबते. दाणा-कडबा म्हणून आपण घरी आणतो ते सर्व या सौद्यातून आलेले असते, आणि किती पाणी देऊन किती माल पदरात पडला याच्या प्रमाणास पाणीवापराची कार्यक्षमता असे नाव आहे.

हा हिशेब मांडण्याचा खटाटोप जुना आहे. इंग्लंडात जॉन वुडवर्डने १६९९ साली पाण्यात वाढविलेली पुदिन्याची रोपे तोलून पाहिली होती. आपल्या देशात बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिरसायनशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी १९१०-११ च्या सुमारास हिंदी पिकांची पाण्याची गरज कुंड्यांत वाढवून मोजली. त्याच काळात अमेरिकेत कोलोराडोमधील ॲक्रन येथे ब्रिग्ज आणि शान्त्झ या जोडीने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. त्यांचे आकडे ढोबळमानाने असे : एक किलो सुका माल तयार करण्यास ज्वारी-बाजरीच्या वर्गास सुमारे तीनशे लिटर पाणी लागते, गव्हास सुमारे पाचशे, आणि लसूणघासास आठशेहून अधिक. गव्हाच्या सुक्या मालापैकी दाणा निम्म्याहूनही थोडा कमी. तेव्हा एक किलो गव्हाच्या दाण्यामागे हजार लिटर आणि एका क्विंटलमागे लाखभर लिटर पाणी धरावयास हरकत नाही.

लाखभर लिटर म्हणजे किती? एक हेक्टर जमिनीवर, म्हणजे आपल्याकडील सुमारे चार बिघ्यांवर, एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे दहा मिलिमीटर पाणी पिकाच्या अंगातून गेले की क्विंटलभर गहू. उत्तम हवामानात आणि उत्तम मशागतीत हाच हिशेब दुपटीपर्यंत सुधारतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्रेंच आणि शुल्त्झ यांनी १९८४ साली अनेक शेतांचे आकडे तपासून दाखविले की पिकाने प्रत्यक्ष वापरलेल्या दर मिलिमीटरमागे हेक्टरी वीस किलो दाणा हा चांगल्यातला चांगला पल्ला होय. बहुतेक शेते त्याच्या बरीच खाली राहतात.

हवा जितकी तहानलेली, तितका सौदा महाग पडतो. पौषातील थंड सकाळी एका लिटरमागे पिकाला जेवढा कर्बवायू मिळतो, तेवढा चैत्राच्या कोरड्या वाऱ्यात मिळत नाही. कारण त्याच दारातून तेव्हा दुप्पट-तिप्पट ओल ओढली जाते. ‘शब-ए-मालवा’ म्हणून आपल्या रात्रींची ख्याती शायरांनी देशभर पोहोचविली. गव्हाच्या दृष्टीने पाहता ती ख्याती अगदी व्यवहारी आहे. थंड रात्री, दवाने भिजलेली सकाळ आणि सौम्य दुपार, या दिवसांत वाढलेले पीक स्वस्तात वाढते. पेरणी पंधरा दिवस लांबली की पिकाच्या आयुष्यातले पंधरा दिवस स्वस्त बाजारातून महाग बाजारात जातात.

आता मुळांच्या जागेकडे वळू. कुंडीत रोप लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते की लहान कुंडीतील तुळस खुरटते, मग पाणी-खत कितीही घाला. शास्त्रज्ञांनी याचाही हिशेब केला आहे. अनेक देशांतील पासष्ट प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात असे आढळले की कुंडीचे आकारमान दुप्पट केले की रोपाचे वजन सरासरीने ४३ टक्क्यांनी वाढते.

येथे एक गोंधळ होण्याचा संभव आहे. लहान कुंडीतील अथवा पाण्याने थोडे तंगीत ठेवलेले रोप दारे लवकर लावून घेते. दार अर्धवट मिटले की बाहेर जाणारी वाफ जितकी घटते तितका आत येणारा कर्बवायू घटत नाही. त्यामुळे लिटरमागचा हिशेब केला तर हे तंगीतले रोप अधिक कार्यक्षम ठरते! एखाद्याने आकडा पाहून म्हणावे, मग पिकांना तंगीतच का ठेवू नये? परंतु काटकसर आणि कमाई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महिना शंभर रुपये मिळवून नव्वद शिलकीत टाकणारा आणि हजार मिळवून पाचशे टाकणारा, यांत टक्केवारीने पहिला श्रेष्ठ. पण घर कोणाचे चालते? शेतकऱ्याला हवा असतो खळ्यावरचा दाणा. म्हणून पाणीवापराच्या कार्यक्षमतेचा कोणताही आकडा कानावर आला की विचारावे, हा पानाचा, सबंध रोपाचा, की दाण्याचा? तिघांची उत्तरे निराळी येतात.

ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी घरच्या मुलांकडून एक साधा प्रयोग करवावा. कार्तिकात एक लहान डबा आणि तेवढ्याच तोंडाचा, पण तिप्पट-चौपट उंचीचा नळ घ्यावा. प्लॅस्टिकच्या जाड नळाचा तुकडा बूड बंद करून चालतो. दोहोंत एकाच शेतातील चाळलेली काळी माती भरावी, दोहोंत गव्हाचे तीन-तीन दाणे लावावे, आणि मातीचा पृष्ठभाग प्लॅस्टिकने झाकून फक्त रोपांना वाट ठेवावी, म्हणजे जाईल ते पाणी पानांतूनच जाईल. रोज ठराविक वेळी दोन्ही भांडी काट्यावर तोलून जेवढे वजन घटले तेवढेच पाणी मोजून घालावे आणि वहीत टिपावे. दोन महिन्यांनी रोपे कापून, वाळवून तोलावी. पाण्याला पाण्याने आणि मालाला मालाने ताडून पाहिले की वरचा परिच्छेद मुलांना पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही. पुढे उंच नळ उभा चिरून मुळे कोठवर गेली होती तेही त्यांस दाखवावे.

मुळांना जागा कमी आहे, माती सुकू लागली आहे, ही बातमी पानांपर्यंत जाते कशी? पूर्वी समजूत अशी होती की पाणी कमी पडले म्हणजे पान लवते आणि मग दारे मिटतात. गेल्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात झालेल्या प्रयोगांनी ती समजूत अपुरी ठरविली. एकाच रोपाची मुळे दोन कुंड्यांत विभागून लावली. एका कुंडीस पुरेसे पाणी दिले, दुसरी कोरडी ठेवली. पानांना ओल्या बाजूने हवे तेवढे पाणी मिळत होते, ती लवली नव्हती. तरी दारे अर्धी मिटली आणि वाढ मंदावली. सफरचंदाच्या रोपांवर १९९० साली याच्यापुढचा प्रयोग झाला. कोरड्या कुंडीतील मुळे कापूनच टाकली, तर पाने पुन्हा वाढू लागली. निम्मी मुळे गेली आणि झाड सुधारले! याचा अर्थ सुकणारी मुळे वर काही निरोप पाठवीत होती. निरोप देणारेच गेल्यावर धास्ती गेली. त्या निरोपातील एक मुख्य द्रव्य म्हणजे ॲब्सिसिक आम्ल. पाणी संपण्याआधीच पीक सावध होते ते यामुळे.

असाच निरोप घट्ट मातीतूनही जातो. ऑस्ट्रेलियात मासल आणि पासियूरा यांनी १९८७ साली गव्हाची रोपे भुसभुशीत आणि दाबून घट्ट केलेल्या मातीत वाढविली. दोन्हीकडे पाणी आणि अन्नद्रव्ये पुरेशी होती. तरी घट्ट मातीतील रोपांची पाने लहान राहिली. मुळाला ढकलावे लागले एवढ्यावरूनच रोपाने आपला संसार आवरता घेतला. आपल्या शेतांच्या दृष्टीने हा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण पुढे येईल.

मांडवगडास सहलीस गेलेल्यांनी तेथील खुरासानी चिंचेचे प्रचंड बुंधे पाहिले असतील. मूळची आफ्रिकेतील ही झाडे आपल्या फुगीर खोडात पाणी साठवितात आणि उन्हाळा काढतात. गव्हाला असे पोट नाही. त्याचे पोट म्हणजे जमीन. आणि या बाबतीत माळव्यावर निसर्गाची मेहेरनजर आहे. प्राचीन ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेली आपली काळी माती पाणी धरण्यात पटाईत आहे. खोल काळ्या जमिनीच्या एका मीटर थरात पिकाला ओढता येईल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. वरच्या हिशेबाने पाहा : तेवढे सारे पाणी पिकातून गेले तर एकही ओलीत न करता हेक्टरी पंधरा-वीस क्विंटल गहू. उलट टेकडीच्या उतारावर जेथे हातभर मातीखाली मुरूम लागतो, तेथे साठा साठ-ऐंशी मिलिमीटरांचा, आणि त्याच हिशेबाने सहा ते आठ क्विंटल. दोन्हीकडे पाऊस सारखाच पडतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वर्षाकाठी साधारण बत्तीस ते चाळीस इंच. फरक रांजणाच्या खोलीचा. त्यात मुळे खालपर्यंत गेली नाहीत, तर खोल रांजणही उथळच समजावा. कारण तळाचे पाणी आपण होऊन फारसे वर येत नाही, मुळालाच तेथवर जावे लागते.

जुन्या माळव्याची शेती या रांजणावर चाले. गव्हाचे शेत पावसाळाभर मोकळे ठेवीत, वखराच्या पाळ्या देऊन तण मारीत, पाऊस जिरवीत, आणि आश्विन-कार्तिकात वापसा पाहून पेरीत. मग होळीपर्यंत त्या शेताला पाणी दाखविण्याचे कारण नसे. कठिया गहू, हरभरा, अळशी, सारे या साठलेल्या ओलीवर येई. इकडे पावलोपावली भाकर आणि पाणी मिळते अशी जी म्हण माळव्यास चिकटली, तिच्यातील भाकर पुष्कळशी या जमिनीतल्या पाण्याची होती. आपल्या नातलगांपैकी जे सोलापूरकडचे आहेत त्यांना ही पद्धत नवी नाही. तेथील मालदांडी ज्वारी याच रीतीने येते. मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली तिची एम ३५-१ ही जात आजही रब्बी ज्वारीत मान राखून आहे. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, आणि जमिनीतील ओलीचे मोजमाप तेथे पद्धतशीर सुरू झाले.

जुने ते सारेच सोने होते असे सुचविण्याचा हेतू नाही. मोकळ्या शेतावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी आणि त्याबरोबर माती वाहून जाई. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पावसाळ्यात पडीक राहणारी जमीन पिकू लागली. लोकांच्या हाती दसरा-दिवाळीला रोख पैसा आला, मुले शिकली, घरे पक्की झाली. १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरला निघाले, आणि १९९४ साली अधिसूचित झालेल्या जे. एस. ३३५ या जातीने तर सारा माळवा व्यापला. पण रांजणाचा हिशेब बदलला. सोयाबीन सप्टेंबरपर्यंत वरच्या दोन-तीन फुटांतील ओल पिऊन जाते. मागाहून पेरलेल्या गव्हाला अर्धा रिकामा रांजण मिळतो. म्हणून ओलीत हवे, म्हणून विहीर, म्हणून बोअर. आपल्या पायाखालचा खडक काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या वरच्या कुजक्या थरात आणि फटींत असते. खाली अखंड शिळा. फट लागली तर लागली, नाहीतर सहाशे फुटांची धूळ. देवासकरांस १९९० चा उन्हाळा आठवत असेल. त्या वर्षी शहरासाठी इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते.

त्यानंतर देवास जिल्ह्यानेच एक वेगळी वाट दाखविली, हेही सांगितले पाहिजे. २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा देऊन शेततळी खोदली. तळ्यांस रेवासागर आणि खोदणाऱ्यांस भगीरथ कृषक असे नाव मिळाले. टोंकखुर्द भागात तर अशी तळी गावोगाव झाली. २०१४ साली नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजनाही सुरू झाली. परंतु तळ्याचे पाणी मापाचे असते. त्यातून एक किंवा दोन पाळ्या निघतात, पाच नव्हे. मग ते एक पाणी केव्हा द्यावे, हा प्रश्न पुन्हा मुळांपाशी येऊन थांबतो.

गव्हाला दोन प्रकारची मुळे असतात. पहिली बियातून निघतात. दुसरी, मुकुटमुळे, पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी जमिनीलगतच्या पेऱ्यातून फुटतात. त्या वेळी वरचा थर कोरडा असेल तर ती फुटतच नाहीत अथवा आखूड राहतात, आणि पीक जन्मभर दुबळ्या पायांवर उभे राहते. एकच पाणी असेल तर ते बहुधा या वेळी द्यावे असे कृषितज्ज्ञ सांगतात. भारी जमिनीत पेरणीच्या वेळची ओल चांगली असेल तर ते काही दिवस लांबविता येते. दुसरे असेल ते फुलोऱ्याच्या सुमारास. पहिले पाणी केवळ त्या आठवड्याची तहान भागवीत नाही; मुळांना खालच्या साठ्याकडे जाण्याचा रस्ता करून देते. इंदूर येथील केंद्रीय गहू संशोधन केंद्राने काढलेल्या ‘अमृता’ आणि ‘हर्षिता’ या जाती कमी ओलितासाठीच शिफारस केलेल्या आहेत. पाच पाण्यांची जात एका पाण्यावर लावून तिला दोष देण्यात अर्थ नाही.

खालच्या पाण्याची किंमत किती, हे ऑस्ट्रेलियातील एका शेतावरील प्रयोगाने दाखविले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की फुलोऱ्यानंतर गव्हाला चार-साडेचार फुटांखालील थरातून अवघे साडेदहा मिलिमीटर जादा पाणी मिळाले आणि उत्पन्न हेक्टरी सुमारे सहा क्विंटलांनी वाढले. साध्या हिशेबाने एक-दोन क्विंटल वाढावे, तेथे सहा वाढले. कारण त्या वेळचे पाणी पानांत आणि काडीत न जाता सरळ दाण्यात जाते. आधीच्या महिन्यातले साडेदहा मिलिमीटर आणि दाणा भरतानाचे साडेदहा मिलिमीटर यांचा भाव एक नव्हे.

याच विचाराने पासियूरा यांनी १९७२ साली एक उलटा वाटणारा प्रयोग केला होता. साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या गव्हाची बियातून निघालेली सारी मुळे तोडून एकच ठेवली. अशा रोपांना अधिक दाणा आला! एकाच अरुंद नळीतून पाणी सावकाश वर आले, म्हणून दाणा भरावयाच्या वेळेपर्यंत पुरले. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांतील जलवाहिनी बारीक असलेले गहू निपजविले. कोरड्या ठिकाणी त्यांचे उत्पन्न ३ ते ११ टक्के अधिक आले. नळी अर्ध्या व्यासाची केली तर तिच्यातून सोळावा हिस्साच पाणी वाहते, हा पदार्थविज्ञानाचा नियम येथे गव्हाच्या उपयोगी पडला. मूळ खोल जावे आणि पाणी बेताने ओढावे, असे दोन्ही एकदम हवे असते. वारेमाप युरिया देऊन पौषातच रान काळेभोर करणारे शेतकरी दुसरी गोष्ट विसरतात. पाने फार झाली की रांजण लवकर रिकामा होतो आणि शेवटी ओंबी पोचट राहते.

आता घट्ट मातीच्या प्रयोगाकडे परत येऊ. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि आपली आपणच नांगरली जाते असे जुने लोक म्हणत. ते बरेचसे खरेही आहे. पण दर हंगामात एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरविला, ओल्या जमिनीत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि हार्वेस्टर चालविले, की वीतभर भुसभुशीत मातीखाली एक दडस थर बसतो. वरून शेत लोण्यासारखे दिसते. मुळे मात्र त्या थरावर येऊन आडवी वळतात. पाच फुटांच्या रांजणाला आपण वीतभरावरच झाकण बसवितो आणि मग सहाशे फुटांवरून पाणी आणण्यास कर्ज काढतो. पावसाळ्यात याच थरावर पाणी तुंबून सोयाबीनची मुळे गुदमरतात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२४ साली मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने इंदूरला निघालेल्या वनस्पती-संशोधन संस्थेचे ते प्रमुख होते. त्यांची ‘इंदूर पद्धती’ कंपोस्ट खतासाठी जगभर गाजली. पण मुळांना हवा आणि मोकळीक मिळाली पाहिजे हा त्यांचा आग्रह पुसापासूनचा, आणि कंपोस्टचा आग्रहही त्यातूनच वाढला. कुजलेल्या खताने मातीचे कण रवाळ होतात आणि मुळांना फटी मिळतात.

उपाय अवघड नाहीत. काही वर्षांआड उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, खोल नांगर अथवा सबसॉयलर चालविला म्हणजे थर फुटतो. ओल्या जमिनीत चालविला तर उलट अधिक बसतो. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर पेरले तर जादा पाणी निघून जाते आणि ओढ पडल्यास सरीतील ओल कामी येते. पाऊस सप्टेंबरात दगा देतो अशा उथळ जमिनीत जे. एस. ९५-६० सारखी लवकर येणारी जात बरी. हातभर मातीच्या शेतात गव्हाचा हट्ट धरू नये, हरभरा घ्यावा. त्याची पाण्याची भूक कमी. आणि कोळपणी विसरू नये. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी असे आपल्याकडे म्हणतात. भेगा बुजल्या म्हणजे त्यांतून होणारी वाफ थांबते आणि तुटणारी मुळे वाचतात. तणनाशकामुळे कोळपे अडगळीत गेले आहे. तण मरते, भेग तशीच राहते.

बटाईने जमीन देणाऱ्या सभासदांनी एवढे तरी करावे. सोयाबीन निघाल्यावर, गहू पेरण्यापूर्वी, रविवारचा दिवस काढून शेतावर जावे आणि शेताच्या तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्यावा. बटाईदारास बरोबर घ्यावे. त्याला यातले पुष्कळ ठाऊक असते, कोणी विचारीत नाही एवढेच. खड्ड्याच्या भिंतीत चाकूचे टोक वरून खाली दर चार बोटांवर खुपसत जावे आणि कोठे अडते ते पाहावे. सोयाबीनच्या जुन्या मुळ्या कोठवर उभ्या आहेत आणि कोठे आडव्या वळल्या आहेत ते पाहावे. मूठभर माती दाबून गोळा होतो की भुगा, हे दर वितीवर टिपावे. मुरूम किती खोलीवर लागला तो आकडा बांधाच्या नावानिशी वहीत लिहून ठेवावा, आणि बोअरवाल्यास बोलावण्यापूर्वी ती वही उघडावी.